पडून उठणाऱ्यांचे इंग्रजी शब्द

बायपास होऊन घरी आलेल्या मामांना ‘बाउन्स बॅक सून’ असा मेसेज पाठवला, तर व्याकरण ठीक, पण शब्द चुकला. सावरण्यासाठी इंग्रजीत डझनभर शब्द आहेत. काय कोसळलं होतं ते पाहून त्यांतला एक उचलायचा असतो.

सगळ्यांत मोकळाढाकळा ‘रिकव्हर’. त्याचं मूळ लॅटिन, अर्थ परत मिळवणं. म्हणून तापातून उठणारा रिकव्हर होतो आणि थकलेल्या हप्त्यासाठी दारात येतो तोही रिकव्हरीवालाच! फरक ‘फ्रॉम’चा. आजार, धक्का, पराभव यांच्याआधी तो हवाच: ‘शी रिकव्हर्ड फ्रॉम टायफॉइड’. पैसे, मुद्देमाल, डिलीट झालेले फोटो परत मिळाले, तर नको. ‘फ्रॉम’ गाळलात, तर बाईंनी हरवलेला टायफॉइड शोधून आणला, असं होतं.

त्याच मुळातून आलेला ‘रिक्युपरेट’ विश्रांती घेऊन अंगात ताकद भरण्यापुरता वापरतात; मामांना तो चपखल. ‘कन्व्हलेस’ आणखी संथ, जरा पुस्तकी. आयसीयूतून जेमतेम वाचलेल्यासाठी ‘पुल थ्रू’.

‘बाउन्स बॅक’ आणि ‘रिबाउंड’ यांत उसळी आहे, म्हणून ते खेळाडूंना आणि बाजाराला शोभतात. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९०० हून जास्त अंकांनी आपटला आणि वर्षअखेर ४७,००० च्या वर पोचला. हा खरा रिबाउंड. घसरत्या बाजारातल्या चार दिवसांच्या उसळीला मात्र दलाल ‘डेड कॅट बाउन्स’ म्हणतात. उंचावरून पडलं की मेलेलं मांजरही थोडं उसळतंच, असा त्यातला खवचटपणा.

‘रॅली’ फ्रेंचमधून आला: पांगलेलं सैन्य पुन्हा गोळा होणं. २००१ची कोलकाता कसोटी आठवा. फॉलोऑननंतर लक्ष्मण २८१, द्रविड १८०, आणि चौथा अख्खा दिवस दोघांनी एकही विकेट पडू दिली नाही. ती रॅली. भारत १७१ धावांनी जिंकला, तो कमबॅक.

राहिला ‘रेझिलियन्स’. ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये त्याचा पार चोथा झालाय. ही घटना नव्हे, स्वभावातली चिवटाई. म्हणून कंपनी तोट्यातून बाहेर आली, तर ‘रिकव्हरी’ म्हणावं. दर मंदीत तगून राहते, तेव्हाच ‘रेझिलियंट’.