पांढऱ्या भुकटीचे शंभर चौरस मीटर

टोकियोच्या ईशान्येला, इबाराकी प्रांतातल्या काकिओका इथं टोकियो विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र आहे. तिथं उघड्यावर 1600 काचेची तावदानं मांडली गेली. एकेक तावदान पाव मीटर लांब, पाव मीटर रुंद. सगळी मिळून 100 चौरस मीटर. लांबून सोलर पॅनलच वाटावीत. पण त्यांतून वीज निघत नाही. तळाशी पांढऱ्या भुकटीचा थर, वर काच आणि मध्ये जेमतेम 0.1 मिलिमीटर पाणी. ऊन पडलं की या पाण्यात बारीक बुडबुडे धरू लागतात. दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन.

याची सुरुवात 1967 ची. टोकियो विद्यापीठात केनिची होंडांच्या हाताखाली शिकणाऱ्या अकिरा फुजिशिमांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश टाकला, तेव्हा वायू सुटताना दिसला. हे काम 1972 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि पुढच्याच वर्षी तेलाचं संकट आलं. मग जगभरच्या प्रयोगशाळा या वाटेला लागल्या.

काकिओकाची भुकटी आहे स्ट्रॉन्शियम टायटॅनेटची, किंचित ॲल्युमिनियम मिसळलेली. काझुनारी डोमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. कण इतके बारीक की मिलिमीटरभर रेघेत हजारो मावतील. प्रकाश पडताच कणात एक इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि त्याच्या जागी एक रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, उरते. इलेक्ट्रॉनकडून हायड्रोजन बनतो, होलकडून ऑक्सिजन. दोघं पुन्हा भेटले तर सगळं मुसळ केरात; प्रकाश नुसता उष्णता होऊन जातो. म्हणून कण घनाकृती वाढवले, त्यांच्या कडा तासल्यासारख्या. इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या पैलूंकडे धावतात, होल दुसऱ्या. पहिल्या पैलूंवर ऱ्होडियम-क्रोमियमचे ठिपके बसवले, दुसऱ्यांवर कोबाल्टचे. दोघांच्या वाटाच वेगळ्या केल्या. 2020 मध्ये जाहीर झालेल्या मोजणीत 350 ते 360 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांतल्या शंभर फोटॉनांपैकी 96 कामी आले होते. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

तावदानांतून निघणारं मिश्रण मात्र स्फोटक. ते पोकळ तंतूंच्या पडद्यातून नेऊन हायड्रोजन वेगळा काढला गेला. संशोधकांनी मुद्दाम ठिणगी देऊन पाहिली, तरी यंत्रणेला धक्का लागला नाही. ती उन्हापावसात काही महिने चालली. मोठ्या प्रमाणावर, उघड्या आभाळाखाली हे करता येतं, हे पहिल्यांदा इथं दिसलं. 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं.

आणि तरीही पडलेल्या सौर ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरली ती जास्तीत जास्त 0.76 टक्के. कारण भुकटीच्या रंगातच आहे. ती पांढरी दिसते, म्हणजे डोळ्यांना दिसणारा सगळा उजेड परत पाठवते. तिला चालतात फक्त अतिनील किरण आणि ते उन्हात असतात मोजकेच.

म्हणून आता शोध रंगीत भुकट्यांचा. टँटॅलम नायट्राइड नारिंगी-लाल असतं, दृश्य प्रकाश शोषतं. पण त्याच्यातले होल पाण्याऐवजी त्याच्याच नायट्रोजनवर उलटतात आणि पदार्थ कुजतो. डोमेन यांच्या गटानं 2018 मध्ये त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जवळपास निर्दोष वाढवल्या. त्या कांड्यांनी दृश्य प्रकाशात पाण्याचं विघटन केलं, थोडंसं का होईना.