अनाथोथचें शेत

श्रोतेहो, 'भविष्य' हा शब्द कानीं पडतांच आपल्या मनांत पंचांग, जन्मपत्रिका, ग्रहदशा यांचें चित्र उभें राहतें. मुलीच्या विवाहाचा योग कधीं आहे, खटल्याचा निकाल कोणाकडे लागेल, असल्या प्रश्नांचीं उत्तरें देणारी विद्या ती भविष्यविद्या, अशी आपली सामान्य समजूत आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथांत भविष्यवाणीला मोठें स्थान आहे असें ऐकिलें म्हणजे हीच समजूत आपण तिकडे नेतों, आणि तेथेंच घोटाळा होतो. तेव्हां या भविष्यवाणीचें खरें स्वरूप काय, देवाच्या विश्वासूपणाशीं तिचा संबंध कोणता, आणि दिलेलें वचन आपल्या डोळ्यांदेखत पुरें होत नाहीं तेव्हां श्रद्धावान् मनुष्यानें काय करावें, या तीन गोष्टींचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. जुन्या मराठी बायबलांत 'भविष्यवादी' हा शब्द योजिलेला असे. पुढें त्याच्या जागीं 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला, आणि तोच मूळ अर्थाला अधिक जवळचा आहे. हिब्रू भाषेंतील मूळ शब्द 'नाबी'. देवाच्या वतीनें बोलणारा, त्याचा निरोप लोकांस कळविणारा, तो नाबी. त्याच्या बोलण्यांत पुढील काळाचा उल्लेख येतो खरा. परंतु त्याचा रोख बहुधा चालू काळावर असतो. आमोस हा तकोवा गांवचा मेंढपाळ; खोट्या तराजूनें धान्य विकणाऱ्या आणि जोड्याच्या किंमतीला गरिबांना विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांवर त्यानें कोरडे ओढले. योनानें निनवे शहर चाळीस दिवसांत नष्ट होईल असें पुकारिलें. शहरानें पश्चात्ताप केला आणि तें वांचलें. खुद्द योनाला याचा राग आला, कारण भाकित या नात्यानें त्याचें बोलणें फसलें होतें. परंतु इशारा या नात्यानें तें सफळ झालें; शहर वांचावें हाच तो निरोप धाडणाऱ्याचा हेतु होता.

दुसरा शब्द विश्वासूपणा. हिब्रूंत याला 'एमूना' म्हणतात. प्रार्थनेच्या शेवटीं उच्चारिला जाणारा 'आमेन' हा शब्द त्याच धातूपासून निघाला आहे. पक्केपणा, टिकाऊपणा, भार टाकला असतां न खचणें, हा त्या धातूचा अर्थ. म्हणजे देव विश्वासू आहे असें म्हणणारा मनुष्य 'माझ्या मनासारखें होईल' असें म्हणत नसतो. 'ज्याच्यावर मी भार टाकिला तो खचणार नाहीं' असें तो म्हणत असतो. या दोन बोलण्यांत केवढें अंतर आहे, हें पुढील कथेवरून स्पष्ट होईल.

ती कथा एका जमिनीच्या खरेदीची आहे, आणि जुन्नरच्या परिसरांत वावरलेल्या मनुष्यास ती सहज उमगावी. जुन्नरभोंवतालच्या डोंगरांतील लेण्यांत ब्राह्मी लिपींतील जे लेख आहेत, त्यांतील बहुतेक दानाच्या नोंदी आहेत. अदुथुम नांवाच्या शक उपासकानें करंजाच्या झाडांसाठीं वीस निवर्तनें जमीन लावून दिल्याचें एक लेख सांगतो. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दान दिल्याचें दुसरा सांगतो. नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिका हिच्या लेखांत यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत; आणि घाटमाथ्यावर दगडाचा जो मोठा रांजण आहे, त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत असें लोक सांगतात. शब्द वाऱ्यावर जाऊं नये म्हणून मनुष्य तो दगडांत कोरून ठेवतो. खरेदीखत, साक्षीदार, मोहोर हीं सारीं याच काळजीचीं रूपें होत.

इसवी सनापूर्वीं ५८७ च्या सुमाराची गोष्ट. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकीर्दीचें तें दहावें वर्ष होतें. बाबेलच्या सैन्यानें यरुशलेमला वेढा घातला होता. शहर पडणार असें स्पष्ट सांगितल्याबद्दल यिर्मया हा संदेष्टा राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकांत अटकेंत होता. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल तेथें आला आणि म्हणाला कीं, अनाथोथ येथील माझें शेत तूं विकत घे. भाऊबंदांच्या रीतीप्रमाणें तें सोडविण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ हें गांव यरुशलेमच्या ईशान्येस दीड-दोन कोसांवर. म्हणजे शत्रूच्या छावणीच्या पलीकडे. त्या क्षणीं त्या शेताची किंमत बाजारांत शून्य होती. तथापि यिर्मयानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खताची एक प्रत मोहोरबंद व एक उघडी अशा दोन प्रती करविल्या, आणि त्या पुष्कळ काळ टिकाव्या म्हणून मातीच्या भांड्यांत ठेवण्यास आपला लेखक बारूख यास सांगितलें.

हें केल्यावर यिर्मया स्वतःच गोंधळला. शहर तर शत्रूच्या हातीं जात आहे, आणि तूं मला शेत घेण्यास सांगतोस, हें कसें, असें त्यानें देवाला प्रार्थनेंत विचारिलें. त्यास मिळालेल्या उत्तराचें तात्पर्य असें कीं, शहराचा नाश टळणार नाहीं. परंतु याच देशांत लोक पुन्हा शेतें विकत घेतील, खतें लिहितील, साक्षीदार बोलावतील. नाशाचें वचन आणि पुनःस्थापनेचें वचन एकाच मुखांतून आलें. पहिलें खरें ठरल्यावांचून दुसऱ्यावर कोणीं विश्वास ठेवावा?

याच ठिकाणीं खऱ्या व खोट्या संदेष्ट्यांचा भेद ध्यानांत येतो. यापूर्वीं कांहीं वर्षें हनन्या नांवाचा एक संदेष्टा मंदिरांत उभा राहून म्हणाला होता कीं, दोन वर्षांत बाबेलचें जूं मोडेल आणि नेलेलीं सर्व पात्रें परत येतील. यिर्मयाच्या मानेवरील लांकडी जूं त्यानें सर्वांसमक्ष मोडून टाकिलें. यिर्मया काय म्हणाला? 'आमेन, तसें घडो!' त्यालाही तेंच हवें होतें. परंतु हवें असणें निराळें आणि देवानें सांगितलेलें असणें निराळें. पुढें हद्दपार झालेल्या लोकांना त्यानें पत्र लिहिलें, त्यांत दोन नव्हे तर सत्तर वर्षांचा हिशेब होता: तेथें घरें बांधा, बागा लावा, लेंकरांचीं लग्नें करा, ज्या शहरांत राहतां त्याचें कल्याण चिंता. हनन्याचें वचन गोड होतें आणि कच्चें होतें. यिर्मयाचें कडू होतें आणि पक्कें होतें. मोशेच्या नियमशास्त्रांतही संदेष्ट्याची परीक्षा दुहेरी आहे. त्याचें बोलणें खरें ठरावें, हें तर झालेंच. पण तें खरें ठरूनही जर तो लोकांना देवापासून दूर नेईल तर त्याचें ऐकूं नये. नुसता चमत्कार हा पुरावा नव्हे.

आतां परिणाम पाहूं. इ. स. पूर्वीं ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलें, मंदिर जळालें. उरलेल्या लोकांनीं यिर्मयाला आपणांबरोबर मिसर देशीं नेलें. त्यानंतर तो आपल्या शेतावर गेल्याचा उल्लेख कोठेंही नाहीं. इ. स. पूर्वीं ५३९ मध्यें इराणचा राजा कोरेश यानें बाबेल जिंकिलें आणि यहूदी लोकांस परत जाण्याची मोकळीक दिली. १८७९ सालीं बाबेलच्या उत्खननांत सांपडलेला कोरेशाचा मातीचा लेख ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्यांत यहूद्यांचें नांव नाहीं. परंतु निरनिराळ्या देवस्थानांतील मूर्ति आणि माणसें आपापल्या ठिकाणीं परत पाठविल्याचें त्यांत नमूद आहे, आणि त्या राजाचें धोरण त्यावरून कळतें. नवें मंदिर इ. स. पूर्वीं ५१६ त पुरें झालें. जुन्याच्या नाशापासून हीं सत्तर वर्षें होतात. परत आलेल्यांची याची एज्राच्या पुस्तकांत दिली आहे. त्या रुक्ष यादींत एक ओळ अनाथोथच्या लोकांची आहे. त्यांची संख्या १२८.

श्रोतेहो, या एकशें अठ्ठावीस माणसांत यिर्मया नव्हता. ज्यानें पैसे मोजिले त्यानें पीक पाहिलें नाहीं. बायबलांतील विश्वासूपणाचें हेंच स्वरूप आहे. वचन देणारा आणि वचन ऐकणारा यांचें आयुष्य सारखें नसतें. म्हणून वचनाची मुदत ऐकणाऱ्याच्या आयुष्याच्या मापानें मोजतां येत नाहीं. जे तशी मोजावयास जातात ते फसतात. अमेरिकेंत विल्यम मिलर याच्या अनुयायांनीं ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख २२ आक्टोबर १८४४ ही धरिली होती. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. वास्तविक तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाहीं असें येशूनें स्वतःच सांगून ठेविलें आहे.

मातीच्या भांड्यांतील खताचें पुढें काय झालें तें इतिहासाला माहीत नाहीं. पण तशा भांड्यांवर ठेविलेला भरंवसा वायां गेला नाहीं. १९४७ च्या सुमारास मृतसमुद्राजवळ कुमरान येथील गुहेंत बदाऊनी मेंढपाळांना मातीच्या भांड्यांतून चामड्याच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांत यशयाचें संपूर्ण पुस्तक होतें, सुमारें इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतील. त्यापूर्वीं ठाऊक असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींहून ती सुमारें हजार वर्षांनीं जुनी. तरी आशय बहुतांशीं तोच निघाला.

यिर्मयानेंच एका नव्या करारासंबंधीं सांगितलें आहे; तो दगडावर नव्हे, मनुष्याच्या हृदयावर लिहिला जावयाचा होता. शेवटच्या भोजनाच्या वेळीं येशूनें प्याला घेऊन जो नवा करार म्हटला, त्यांत हें वचन पुरें झालें अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. कोंकणांतील आपले बेने इस्राएल बांधव हीं वचनें आपल्या परंपरेप्रमाणें निराळ्या अर्थानें वाचतात. आणि प्रथम तीं त्यांच्याच पूर्वजांना दिलीं गेलीं, हें ख्रिस्ती मनुष्यानें विसरूं नये.

मराठीला ही वचन आणि पूर्ति यांची मांडणी नवी नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें गोमंतकांत राहून मराठी ओवींत रचिलेलें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत: पहिल्यांत सृष्टीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा, दुसऱ्यांत येशूचें चरित्र. पुढें पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठींत उतरविलें. १९२१ मध्यें त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः निवर्तल्या, आणि ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. त्यांनींही अनाथोथचें शेतच विकत घेतलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्याच जिल्ह्यांतला आहे. घोड नदीवर डिंभे येथें धरण झालें, आणि ज्या आंबेगांवावरून तालुक्याचें नांव पडलें तें गांव जलाशयाखालीं गेलें. खालच्या अंगाच्या शेतांना पाणी मिळालें. वरच्या अंगाला कित्येक कुटुंबांचीं, विशेषतः महादेव कोळी समाजाचीं, भातखाचरें गेलीं. अशा मनुष्याला यिर्मयाची कथा काय सांगते? तुझें गांव अमुक सालीं पाण्याबाहेर येईल असें ती सांगत नाहीं. तसें सांगणें ज्योतिष झालें. सर्व ठीक होईल, दोन वर्षें थांब, असेंही ती सांगत नाहीं. ती हनन्याची वाणी झाली. हानीला हानी म्हणण्याचें धैर्य ती देते, आणि हानीच्या पलीकडेही लेंकरांसाठीं झाडें लावण्याचें बळ देते.

आणि जे कांठावर सुखरूप आहेत त्यांना ती आणखी एक गोष्ट सांगते. यिर्मयानें देवाच्या वचनावरील श्रद्धा प्रकट केली ती स्तोत्र गाऊन नव्हे. रुपें पुरें तोलून, साक्षीदार बोलावून, खत नीट जपून. देव विश्वासू आहे असें मानणाऱ्या समाजाचें स्वतःचें वचन कच्चें असून चालावयाचें नाहीं. विस्थापिताला कबूल केलेली जमीन, मजुराला कबूल केलेली मजुरी, भावाला कबूल केलेला वांटा, यांचे कागद ज्यानें जपले आणि पाळले, त्याच्याच तोंडीं 'आमेन' हा शब्द शोभतो.