आफ्रिकेतलं जंगल निवडताना आधी कॅलेंडर बघा

आफ्रिकेच्या सफारीचं ठरलं की बहुतेक घरांत चर्चा नावांपासून सुरू होते. मसाई मारा करायचं की सेरेंगेटी? क्रूगर स्वस्त पडेल का? शेजारच्यांनी तर अकरा दिवसांत दोन देश आणि सहा उद्यानं केली! नावं नंतर. आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून समोर घ्या आणि सुट्टी कोणत्या महिन्यात मिळतेय ते पाहा. तिथले प्राणी पावसामागे चालतात आणि आपण शाळेच्या वेळापत्रकामागे. या दोहोंचा मेळ जिथे बसेल तिथलं उद्यान घ्यायचं.

मे महिन्याची अडचण

आपल्याकडे मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये. नेमका तोच केनिया-टांझानियातल्या मोठ्या पावसाचा काळ. मार्च ते मेच्या या पावसाला स्वाहिलीत 'मासिका' म्हणतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या हलक्या पावसाला 'वुली'. मासिकात गवत उंच वाढतं, काळ्या मातीत गाड्या रुततात, काही कॅम्प तर चक्क कुलूप लावून बसतात. त्या दिवसांत सहलीचे दर उतरलेले असतात ते उगाच नाही. हिरवं माळरान आणि रिकामे रस्ते आवडणाऱ्याला हेच दिवस भावतील, पण मुलाबाळांसह पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्या मोहात पडू नये.

खंडाच्या दक्षिण टोकाकडे मात्र चित्र उलटं आहे. क्रूगर, इतोशा, चोबे या पट्ट्यात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. मेमध्ये तिथे थंडी सुरू होते, गवत वाळतं, जंगलातली डबकी आटतात आणि प्राणी कायमच्या पाण्याकडे सरकू लागतात. म्हणजे मेची सुट्टी हातात असेल तर केनियाचा हट्ट सोडून दक्षिणेकडे जावं.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर दक्षिणेत कोरड्या ऋतूची अखेर असते. ऊन भाजून काढतं, पण पाणवठ्यावर जत्रा भरलेली असते. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली की पावसाशी जुगार. गणपतीत रजा टाकू शकणाऱ्यांना, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात जाणाऱ्यांना, उत्तर-दक्षिण दोन्ही दारं उघडी आहेत. कोकणात का गेलो नाही याचं उत्तर घरच्यांना काय द्यायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.

स्थलांतर कधी 'सुरू' होत नाही

"मायग्रेशन कधी सुरू होतं?" असं टूर कंपनीला विचारलं जातं. ते कधी थांबतच नाही. सुमारे १३ लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत काही लाख झेब्रे व हरणं सेरेंगेटी आणि मारा मिळून होणाऱ्या प्रदेशात वर्षभर गोल फिरत असतात. एकट्या सेरेंगेटीचं क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडंसंच कमी. त्यामुळे 'सेरेंगेटीत आहोत' एवढ्यानं काही कळत नाही. कळप जुन्नरला आणि आपला तंबू इंदापूरला, असं सहज होऊ शकतं.

डिसेंबरअखेर ते मार्च हे कळप दक्षिणेत, न्दुतूच्या आखूड गवताच्या माळावर असतात. जवळच्या ज्वालामुखींची राख पडून तिथल्या मातीत खनिजं उतरली आहेत, त्यामुळे पान्हा असलेल्या माद्यांना तिथलं गवत मानवतं. फेब्रुवारीच्या आसपास अवघ्या दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात. जन्मल्यावर काही मिनिटांत वासरू उभं राहून आईमागे धावू लागतं. इतकी वासरं एकदम आल्यावर सिंह, तरस, चित्ते खाऊन खाऊन किती खाणार? बाकीची वाचतात. पाऊस संपत आला की कळप वायव्येकडे निघतात, जूनच्या सुमारास ग्रुमेती नदीकडच्या पश्चिम पट्ट्यात पोहोचतात आणि जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला कोगातेंदे आणि मसाई मारात असतात. वुली पाऊस आला की पुन्हा दक्षिणेची वाट.

म्हणून बुकिंग करताना नुसतं उद्यानाचं नाव विचारू नका, कॅम्प कोणत्या भागात आहे ते विचारा. मधल्या सेरोनेरा भागाला मात्र महिन्याची फारशी अट नाही. तिथल्या नदीकाठच्या झाडांवर बिबटे आणि भोवतालच्या माळावर सिंह बाराही महिने असतात.

नदी ओलांडण्याचा नाद

वाहिन्यांवर पाहिलेलं ते दृश्य प्रत्येकाला हवं असतं: मारा नदीचा कडा, धुरळा, खाली मगरी आणि उड्या टाकणारे हजारो वाइल्डबीस्ट. प्रत्यक्षात कळप काठावर येतो, तासन्‌तास उभा राहतो आणि कशानं तरी बिचकून माघारी फिरतो. किती वाजता ओलांडतील हे कोणताही गाइड छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पलीकडच्या काठावर गाड्यांची रांग लागलेली असते ती वेगळीच. दोनच रात्रींसाठी, फक्त याचसाठी जाणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढणं. मला विचाराल तर फेब्रुवारीतलं न्दुतू जास्त भरवशाचं आणि जास्त निवांत.

तरी मारा घ्यायचंच असेल तर काही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. मसाई मारा कागदोपत्री राष्ट्रीय उद्यान नाही, ते नारोक काउंटीच्या अखत्यारीतलं राखीव क्षेत्र आहे. क्षेत्रफळ १,५१० चौरस किलोमीटर, म्हणजे बफर धरून मोजलेल्या ताडोबा-अंधारीपेक्षाही कमी. परदेशी प्रौढ पर्यटकासाठी २०२४ पासून दिवसाची फी जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर ठरली, आणि तो दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा मोजला जातो. चौघांच्या कुटुंबानं एक रात्र वाढवली की हिशेब कुठे जातो ते पाहून घ्या.

यावर एक चांगला उपाय आहे. माराच्या उत्तर-पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी एकत्र करून नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सी उभ्या राहिल्या आहेत. जमिनीचं भाडं त्या कुटुंबांना मिळतं. तंबूंची संख्या मर्यादित, त्यामुळे गाड्याही मोजक्याच. रात्रीची सफारी, पायी फेरी, रस्ता सोडून प्राण्याजवळ जाणं या राखीव क्षेत्रात मना असलेल्या गोष्टी इथे करता येतात. ताडोब्यात एका वाघिणीभोवती जिप्सींचा वेढा पाहून ज्यांचा जीव गुदमरला असेल त्यांनी जास्त पैसे मोजून इथे राहावं.

नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण पर्यटकाला मधूनच सीमा ओलांडता येत नाही. इसेबानिया किंवा नामांगाच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो आणि पूर्ण दिवस जातो. 'मारा-सेरेंगेटी कॉम्बो' विकत घेण्याआधी त्या दिवसाचं काय, ते विचारा.

क्रूगर: स्टिअरिंग आपल्या हातात

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, दक्षिणोत्तर लांबी साधारण ३५० किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबाला मी डोळे मिटून हेच सुचवीन, कारण इथे स्वतःची भाड्याची गाडी घेऊन फिरता येतं. गाडी डावीकडून चालवायची, म्हणजे आपली सवय मोडत नाही. मुख्य रस्ते डांबरी, वेगमर्यादा डांबरीवर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४०. ठरलेल्या जागा सोडून गाडीबाहेर पाय टाकायचा नाही. संध्याकाळी फाटक बंद होण्याआधी कॅम्पात परतायचं, उशीर केला तर दंड.

स्कुकुझा, लोअर साबी, साटारा या सरकारी कॅम्पांत गोल, गवती छपराच्या खोल्या मिळतात. त्यांतल्या बऱ्याच खोल्यांना स्वयंपाकाचा ओटा असतो. दिवसभर हत्ती बघून रात्री स्वतःच्या हातचा वरणभात खाता येईल असं दुसरं मोठं उद्यान मला सुचत नाही. प्राण्यांची दाटी दक्षिण भागात जास्त आहे. साटाराच्या आसपासचा परिसर सिंहांसाठी नावाजलेला. उत्तरेकडे मोपाने झाडांचं रान लागतं आणि प्राणी विरळ होत जातात. चारच दिवस असतील तर तिकडे जाऊ नये.

एक उणीव सांगितली पाहिजे. स्वतः गाडी चालवताना नजर रस्त्यावर असते आणि बिबट्या झुडपात. म्हणून एक-दोनदा वनरक्षकांची सकाळची किंवा रात्रीची फेरी घ्यावीच. पैशाची चिंता नसलेल्यांसाठी शेजारचं खासगी साबी सँड्स आहे. क्रूगरशी त्याच्या सीमेवर कुंपण नाही, त्यामुळे प्राणी तेच. माग काढणारा माणूस उघड्या जीपच्या बॉनेटवर बसलेला असतो आणि बिबट्या जवळून दिसण्याची शक्यता फार मोठी. तिथली अनेक लॉज सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत.

क्रूगरच्या पट्ट्यात मलेरिया आहे, थंडीत धोका बराच कमी असतो. अगदी लहान मूल बरोबर असेल तर मलेरियामुक्त पिलान्सबर्ग बघा. जोहान्सबर्गहून काही तासांच्या अंतरावर, एका विझलेल्या जुन्या ज्वालामुखीच्या वर्तुळात ते वसलं आहे.

हत्ती, गेंडे आणि गोरखचिंच

हत्तींसाठी कोरड्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर, टांझानियातलं तारांगिरे घ्या. सगळीकडचं पाणी आटलं की कळप तारांगिरे नदीकडे येतात. पाऊस पडला की पांगतात, म्हणून फेब्रुवारीच्या सहलीत त्यासाठी एक रात्र राखून ठेवण्याचं कारण नाही. तिथली अवाढव्य बाओबाब झाडं म्हणजेच आपली गोरखचिंच. समुद्रमार्गे आपल्याकडे आलेली, वसई-मुंबईकडे तुरळक उरलेली. तारांगिरेत ती रानच्या रान दिसते आणि हत्तींनी सोलून काढलेले तिचे बुंधेही.

केनियातलं अंबोसेली जेमतेम ३९२ चौरस किलोमीटरचं, पण ५,८९५ मीटर उंच किलिमांजारोसमोर चालणारे हत्ती इथलेच. पर्वत टांझानियात, देखावा केनियातून. त्यावरून झिरपलेलं पाणी खाली दलदली जिवंत ठेवतं, म्हणून उन्हाळ्यातही इथे हत्ती असतात. शिखर दिसतं ते भल्या पहाटे, नंतर ढग. एक रात्र राहून शिखर न पाहता परतलेले पुष्कळ आहेत.

काळ्या गेंड्यासाठी टांझानियातलं गोरोंगोरो. सुमारे ६०० मीटर खोल आणि २६० चौरस किलोमीटर तळ असलेल्या या कढईत सिंह, हत्ती, रानम्हशी सगळे आहेत, मात्र तळाला जिराफ नाहीत. खाली उतरण्याची फी प्रत्येक गाडीमागे वेगळी लागते. अर्धा दिवस पुरतो.

पाणवठ्यावर बसून राहणं

बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढलेल्यांना नामिबियातलं इतोशा आवडेल. ४,८०० चौरस किलोमीटरचं पांढरंफटक मिठागर आणि त्याच्या कडेला मोजके पाणवठे. ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात. कठड्यामागच्या बाकावर गप्प बसायचं. गेंडे, हत्ती, सिंह आपल्या पाळीनं येतात. कुनोत सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच.

बोत्सवानातल्या चोबेला नदीतून बोटीनं हत्ती बघायचे. ओकावांगोचं गणित आणखी मजेदार: पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरांत आणि त्याचा पूर बोत्सवानात पोहोचतो तो ऐन कोरड्या महिन्यांत, जून ते ऑगस्टला. मात्र बोत्सवानाचं धोरणच थोडे पर्यटक आणि चढे दर असं आहे.

गोरिला

हा वेगळा प्रवास. युगांडातलं ब्विंदी किंवा रवांडातलं व्होल्केनोज. परवाना युगांडात ८०० डॉलर, रवांडात १,५००. आठ जणांचा गट, गोरिलांसोबत एक तास, वय किमान १५. चढ दमवणारा असतो, गुडघ्यांना विचारून ठरवा.

उद्यानं किती?

'सफारी' म्हणजे स्वाहिलीत नुसता प्रवास. शब्द अरबीतून आलेला, आपली 'सफर' त्याच घरातली. काही मंडळी तो मूळ अर्थ फारच मनावर घेतात आणि निम्मी सहल गाडीच्या सीटवर काढतात. नैरोबी ते मारा पाच-सहा तास, अरुशा ते सेरोनेरा सात-आठ तास. रोज नवं उद्यान म्हणजे रोज सामान बांधणं आणि पहाटेची, म्हणजे सर्वांत चांगली, फेरी हुकणं. आठ दिवसांत दोन, फार तर तीन जागा घ्याव्यात आणि मुख्य जागेला किमान तीन रात्री द्याव्यात.

निघण्याआधी

केनिया किंवा युगांडातून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र विचारलं जातं. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, नाहीतर परतल्यावर विलगीकरणात बसावं लागू शकतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, टांझानियात २०१९ पासून. तेव्हा चिवडा-लाडू डब्यांत भरा. छोट्या विमानानं मारा किंवा सेरेंगेटीत उतरणार असाल तर साधारण १५ किलोची, तीही मऊ बॅग लागते. कॅमेरा त्या १५ किलोंत धरतात. लाडवांचे डबेही.