आठ दिवस गल्ला मुलाच्या हाती : एका सोलापुरी व्यापाऱ्याची रत्नागिरी सहल

आपल्या व्यापारी बांधवांत एक समज फार घट्ट बसलेला आहे. दुकान बंद ठेवले की बरकत जाते, आणि मालक गल्ल्यावर नसला की दुकान असून नसल्यासारखेच. आम्हीही तीस वर्षे याच समजुतीवर टॉवेल-चादरीचा धंदा केला. ईदचे दोन दिवस, घरातला एखादा निकाह किंवा मय्यत, एवढीच काय ती आमची रजा. लग्नसराईच्या मे महिन्यात सोलापूर सोडून सहलीला जाणे म्हणजे आमच्या दृष्टीने वेडेपणाच होता. तो वेडेपणा आम्ही 2024 साली केला. त्यात काय गेले, काय मिळाले, याचा हिशेब वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

कारण घडले ते असे. त्या वर्षी उन्हाळा कडक होता. उजनी धरण मृत साठ्याच्याही खाली गेले होते, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत होते आणि दुपारी बाजारात चिटपाखरू दिसत नव्हते. आमच्याच लाइनीतल्या एका व्यापारी मित्राचे बावन्नाव्या वर्षी दुकानात बसल्या बसल्या हृदयविकाराने निधन झाले. त्याच्या घरी पुरशाला गेलो असता त्याचा मुलगा म्हणाला, "चाचा, अब्बांबरोबर गावाबाहेर कुठे गेल्याचे मला आठवतच नाही." आम्ही घरी आलो आणि मुलांच्या अम्मीला सहज विचारले, "तुम्ही समुद्र पाहिला आहे का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही दाखवला असता तर पाहिला असता." लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली होती. या उत्तरापुढे आम्हास काही बोलता आले नाही.

सोलापूरचा रस्ता समुद्रालाच मिळतो

रत्नागिरी निवडण्याचे कारण साधे आहे. रत्नागिरी-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग आपल्या सोलापूरवरूनच जातो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, मग आंबा घाट उतरून साखरपा आणि पुढे रत्नागिरी. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. 7 मे 2024 रोजी लोकसभेचे मतदान केले आणि 8 तारखेस फजरची नमाज पढून निघालो. आम्ही, मुलांची अम्मी, आमच्या वयोवृद्ध आई, धाकटा मुलगा, मुलगी व तिची दोन लेकरे असे सात जण होतो. भाड्याची क्रूझर गाडी घेतली. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याचे कॅन. थोरला मुलगा दुकानात राहिला. निघताना त्याच्या हाती गल्ल्याची किल्ली देताना आमचा हात थोडा थरथरला, हे कबूल केले पाहिजे.

मंगळवेढ्याचे ज्वारीचे काळे रान मागे पडले, मिरजेपुढे ऊस दिसू लागला आणि आंबा घाटात गाडी शिरताच हवा बदलली. लेकरांनी खिडकीतून हात बाहेर काढले. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या पलीकडे, समुद्र दिसला. आईंना खुर्ची टाकून बसवले. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "हेच पाणी जिद्द्याला जाते ना?" त्यांचे वडील, म्हणजे आमचे नाना, मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. हजची ती जहाजे 1995 साली बंद झाली. नाना किती दिवस पाण्यावर होते, परत आले तेव्हा काय सांगत होते, हे सारे आईंनी त्या संध्याकाळी नातवंडांना व पणतवंडांना सांगितले. आम्ही स्वतः ते प्रथमच ऐकत होतो. एका घरात राहूनही आईंजवळ अर्धा तास निवांत बसायला आम्हास समुद्रापर्यंत जावे लागले.

कोकणी बांधवांच्या शेजारी

उतरण्यासाठी आम्ही मोठे हॉटेल घेतले नाही. कुवेतला वीस वर्षे नोकरी करून परतलेल्या एका कोकणी मुस्लिम गृहस्थांनी घरामागे चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत, तेथे उतरलो. घरचे जेवण, वुजूची सोय आणि बायकामुलांना मोकळेपणा. किनाऱ्यावर आम्ही फजरनंतर जात असू. त्या वेळी गर्दी नसते, बायकांना संकोच वाटत नाही आणि वाळूही तापलेली नसते. पाण्यात मात्र घोट्याच्या वर कोणास जाऊ दिले नाही. समुद्र पठारावरच्या माणसाच्या अंदाजाचा नव्हे. भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारूनच उतरावे.

कोकणातील बहुतेक मुसलमान शाफई मसलकाचे, आपण हनफी. तेथे असरची जमात आपल्यापेक्षा तासाभराने लवकर होते. फजरला दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमामसाहेब कुनूत पढू लागले तेव्हा आमचा धाकटा गोंधळून इकडेतिकडे पाहू लागला. जेवणातही तीच गंमत झाली. यजमानांनी खेकड्याचे कालवण केले. शाफई मसलकात समुद्रातले जवळजवळ सर्वच चालते, आपल्याकडे खेकडा चालत नाही. आमच्या घरच्यांनी हात मागे घेतला, तर यजमानीणबाईंनी न रागावता लगेच बांगडा तळून आणला. एकमेकांची रीत जाणून मान ठेवला तर मसलकाचा फरक जेवणाच्या ताटावरही जड होत नाही, हे मुलांनी पाहिले.

एके दिवशी थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास इंग्रजांनी 1885 साली गादीवरून काढले व पुढल्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. हा राजवाडा 1910 साली तयार झाला आणि 1916 साली राजा येथेच वारला. त्याआधी याच इंग्रजांनी आपल्या बहादूरशाह जफर यांना 1858 साली रंगूनला पाठवले होते व 1862 साली तेथेच त्यांचा इंतकाल झाला. इकडचा बादशाह तिकडच्या मातीत आणि तिकडचा राजा इकडच्या मातीत. पुस्तकात दहा वेळा वाचूनही जे मुलांच्या ध्यानी राहत नाही, ते तेथे उभे राहून एकदा सांगितले की राहते.

समुद्राची सक्तीची सुट्टी

व्यापारी माणूस बाजार पाहिल्याशिवाय राहत नाही. आम्ही मिरकरवाडा बंदरावर सकाळी लिलाव पाहावयास गेलो. ट्रॉलर धक्क्याला लागतात, मासळी उतरते, बर्फ फोडला जातो आणि काही मिनिटांत भाव ठरतो. उशीर झाला की माल उतरलाच. आपला टॉवेल वर्षभर कपाटात राहिला तरी चालतो. या लोकांना तासाभराचीही सवड नाही.

धक्क्यावर एक वृद्ध गृहस्थ फाटलेले जाळे सांधत बसले होते. त्यांची बोटे पाहून आम्हास आमच्या मोहल्ल्यातले जुने मोमीन विणकर आठवले. तुटलेला धागा शोधून गाठ मारण्याची तीच सफाई. त्यांनी सांगितले की 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. शासनाचीच बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढतात, जाळी दुरुस्त करतात, खलाशी आपापल्या गावी जातात. आम्ही म्हटले, "एकसष्ट दिवस कमाई नाही, मग भागते कसे?" ते म्हणाले, "ओढाताण होते. पण त्या दिवसांत मासळी अंड्यावर असते. तेव्हाही जाळे टाकले तर पुढल्या साली जाळ्यात काय येणार?"

आंब्याच्या बागेतही तेच ऐकले. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांनाही ते मिळालेले आहे, म्हणून बागायतदारांशी बोलणे लवकर जुळले. गडी झेल्याने एकेक फळ देठासह उतरवत होते. आकाराप्रमाणे निवड होऊन चार डझनी, पाच डझनी पेटी भरली जात होती. बागायतदार म्हणाले, हापूसचे कलम एक वर्ष भरभरून देते आणि पुढल्या वर्षी हात आखडते. झाडाला दम खाऊ द्यावाच लागतो.

खोलीवर परतताना आमच्या मनात एकच विचार होता. अल्लाहने समुद्राला आणि झाडाला जी विश्रांती ठेवली आहे, ती आम्ही स्वतःला, आमच्या घरच्यांना आणि आमच्या माणसांना का नाकारतो? शरीराचा, डोळ्यांचा आणि घरच्यांचा आपल्यावर हक्क आहे, ही पैगंबर साहेबांची (स.) शिकवण आम्ही मदरशात लहानपणी पाठ केली होती. गल्ल्यावर बसल्यावर मात्र ती विसरलो.

टॉवेलाची तक्रार

आता धंद्याची गोष्ट. खोलीतला टॉवेल हातात घेताच आम्ही ओळखला. माल सोलापूरचा होता. अभिमानाने यजमानांना तसे सांगितले, तर ते म्हणाले, "माल चांगला आहे हो, पण आमच्या कामाचा नाही." जाड टॉवेल कोकणच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, दोन-दोन दिवस वाळत नाही, त्यास वास येतो आणि गिऱ्हाईक तोंड वाकडे करते. तीस वर्षे आम्ही जाड टॉवेल हाच भारी टॉवेल म्हणून विकत आलो. सोलापूरच्या उन्हात तो तासाभरात वाळतो, म्हणून ही अडचण कधी ध्यानातच आली नव्हती.

परत आल्यावर एका लूमवाल्या बांधवाकडून तीस बाय साठ इंचाचाच, पण हलका माल काढून घेतला. जाड मालाचे डझन सहा किलोच्या पुढे भरते, हे सव्वाचार किलोत बसले. पंचवीस डझन केले. रत्नागिरीच्या यजमानांनी दहा डझन घेतले व रोख पैसे पाठवले. त्यांच्या ओळखीने आणखी दोन लॉजवाल्यांनी मागवले. त्यातील एकाने रंग जातो म्हणून गडद रंगाचा माल परत केला, तो आम्ही विनातक्रार घेतला आणि त्यानंतर पांढराच पाठवतो. फार मोठा धंदा झाला असे नाही. पण आपला माल गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर त्याचे काय होते, हे गल्ल्यावर बसून कळत नाही, एवढे मात्र कळले.

हिशेब

खर्च असा झाला. गाडी, ड्रायव्हर व डिझेल मिळून 24,000 रुपये, दोन खोल्यांचे सात रात्रींचे 21,000, जेवण 22,000, आंब्याच्या पेट्या व किरकोळ 8,000. एकूण 75,000 रुपये. काही बांधव यास इस्राफ म्हणतील. त्यांना आमचे नम्र विचारणे आहे की, निकाहच्या एका दिवसासाठी मंडप, दिवे व पंगतीवर आपण याच्या पाच-सात पट उडवतो, त्याही वेळी हा शब्द आपल्या ओठी येतो काय? कर्ज काढून सहल करू नये, हे खरेच. ज्यास 75,000 झेपत नाहीत त्याने एसटीने जावे, तीन दिवस जावे, मुक्काम एखाद्या नातलगाकडे करावा. पण जावे.

दुकानाचे काय झाले? थोरल्याने एका अनोळखी गिऱ्हाइकास 6,000 रुपयांचा माल उधार दिला, ते पैसे आजतागायत आलेले नाहीत. पण दीड वर्ष अडकलेली 40,000 रुपयांची उधारी त्याने गोडीने वसूल केली. आम्ही त्या गृहस्थाशी भांडून बसलो होतो, मुलाचे भांडण नव्हते. आठ दिवसांची विक्री थोडी कमी झाली, दुकान बुडाले नाही. त्यानंतर खरेदीचे अर्धे काम आम्ही त्याच्याकडे सोपवले आहे.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. घरी आल्यावर मुलांच्या अम्मी म्हणाल्या, "आपण जाऊन आलो, पण दुकानातल्या माणसांना कोण नेणार?" आमच्याकडे चार माणसे आहेत, आणि टॉवेलाच्या कडा शिवणाऱ्या काही भगिनी घरी काम नेतात. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मोठ्या आस्थापनांतील कामगारांना वर्षात आठ किरकोळ रजा आणि भरपगारी रजेचा हक्क दिला. आमचे दुकान लहान, कायदा आमच्या दारी येणार नाही. पण मजुराचा हक्क कायद्याच्या आधी दीनने सांगितलेला आहे. त्या वर्षापासून प्रत्येक माणसास आळीपाळीने आठ दिवस भरपगारी रजा देतो. शिवणाऱ्या भगिनींना पगार नसतो, नगावर मजुरी असते, म्हणून त्यांना उन्हाळ्यात एका आठवड्याची सरासरी मजुरी देतो. ही रक्कम जड गेली. पण ती आता खर्चाच्या वहीत भाडे व विजेच्या बिलाशेजारी लिहिली जाते.

2025 च्या मे अखेरीस थोरल्याची पाळी होती. तो मित्रांबरोबर त्याच खोल्यांवर गेला आणि नेमका त्या वर्षी मान्सून लवकर येऊन थडकला. तीन दिवस बाहेर पडता आले नाही. फोन केला तेव्हा तो हसत म्हणाला, "अब्बा, समुद्र लांबूनच पाहतो आहे. पण आपला नवा टॉवेल पंख्याखाली रात्रीत वाळतो." आम्ही त्या वेळी गल्ल्यावर होतो. त्याला सांगितले, दुकानाची काळजी करू नको, पाऊस उघडेपर्यंत तेथेच राहा.