रेघ ओढण्याआधी गावाला विचारा

चालण्याच्या जागेला मराठीत किती शब्द आहेत! ‘मार्ग’ संस्कृतातून आला, ‘रस्ता’ फारसीतून आला, ‘वाट’ प्राकृतातून येऊन घरची झाली आणि ‘रोड’ साहेबाबरोबर बोटीतून उतरला. आमच्या कोकणात याखेरीज पाखाडी आहे, घाटी आहे, पाणंद आहे. पाखाडी म्हटले की डोक्यावर हंडा घेतलेली बाई दिसते, घाटी म्हटले की बैलांचे तांडे दिसतात. ‘महामार्ग’ हा शब्द मात्र सरकारी कागदातून आपल्याकडे आला. हा महामार्ग कुठून जाणार, हे कोण ठरवते? आणि त्या ठरवण्यात आपले राज्य, आपला जिल्हा, आपले गाव यांना बोलायला कितीशी जागा असते? आज त्याविषयी थोडे बोलू.

मी कविता लिहिणारा माणूस. पण चौपदरीकरण सुरू झाल्यापासून आमच्या भागातल्या लोकांना अर्ज लिहून देता देता या कारभाराची कागदपत्रे मला वाचावी लागली. ‘तुमचे अक्षर चांगले आहे’ म्हणून लोक येत आणि मी लिहून देत असे.

पहिला प्रश्न मालकीचा. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी केली आहे. संसदेने कायद्याने जे राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर केले, ते केंद्राच्या सूचीत. बाकीचे रस्ते आणि पूल राज्याच्या सूचीत. त्यातलेही प्रमुख राज्य महामार्ग आणि राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेकडे. म्हणजे आपल्या दारातून निघालेला माणूस मुंबईला पोहोचेपर्यंत तीन-चार मालकांच्या जमिनीवरून चाललेला असतो. खड्डा पडला की कुणाकडे जायचे हे त्याला कळत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

ही वाटणी एका दिवसात झाली नाही. इंग्रजांच्या काळात रेल्वेचे कौतुक फार, रस्ते प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात. मोटारी वाढल्या तेव्हा १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा भार प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना झेपण्यापलीकडे गेला आहे, तेव्हा हा देशाचा प्रश्न समजून पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, असे या समितीने सांगितले. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज आपण पंपावर जो पैसा मोजतो, त्यातल्या एका भागाची कुळी एका मराठी माणसाच्या अहवालापर्यंत जाते.

पुढे १९४३ मध्ये नागपूरला सर्व प्रांतांच्या आणि संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण ही रस्त्यांची उतरंड तिथे पक्की झाली. वीस वर्षांत शंभर चौरस किलोमीटरमागे सोळा किलोमीटर रस्ता, असे उद्दिष्ट ठरले. शेतीच्या मुलखातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून फार दूर राहू नये, हे या योजनेतले सूत्र होते. प्रांतांच्या अभियंत्यांच्या त्या बैठकीतून देशाची योजना तयार झाली. एक प्रश्न मात्र तेव्हाही विचारला गेला नाही: ज्या गावातून रस्ता जाणार, त्या गावाचे म्हणणे काय?

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये राष्ट्रीय महामार्ग अधिनियम आला. १९९७ मध्ये त्यात भूसंपादनाची नवी कलमे घातली गेली आणि आज त्याच रीतीने काम चालते. आधी सल्लागार कंपनी पाहणी करते, आखणी ठरवते, सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो. मग कलम ३ (अ) खाली अधिसूचना निघते. ती राजपत्रात आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात. त्यातले एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतले असावे लागते. त्या तारखेपासून एकवीस दिवसांत हरकत द्यायची. सक्षम प्राधिकारी म्हणून बहुधा आपले प्रांताधिकारी असतात, ते सुनावणी घेतात. त्यानंतर ३ (ड) ची अधिसूचना निघाली की जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन केंद्र सरकारची होते. मोबदल्याचा निवाडा त्यानंतर. वरून पाहिले तर रीत चोख आहे. पण त्यातला क्रम नीट पाहा. गावाला विचारले जाते ते आखणी झाल्यावर. त्यातही ज्याची जमीन जाते किंवा ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे, त्यालाच.

आमच्या ओळखीच्या एका गावची गोष्ट सांगतो. तिथला पऱ्या रुंदीकरणाच्या भरावाखाली जात होता. आखणीत मोरी होती, पण जिथे तो उन्हाळ्यात नकाशावर दिसतो तिथे. जिथे तो पावसात फुटतो तिथे नव्हे. त्या गावचे माझे एक चाचा, वय सत्तरीच्या पुढे, सुनावणीला निघाले. अर्ज मी लिहिला होता म्हणून मीही बरोबर गेलो. साहेब सौजन्याने वागले. म्हणाले, ‘‘चाचा, तुमचा गट नंबर सांगा.’’

चाचा म्हणाले, ‘‘साहेब, माझी जमीन जात नाय. माझ्या जमिनीत पानी येनार हाय.’’

साहेबांनी कायद्याचे पुस्तक पुढे केले. ज्याची जमीन जात नाही, त्याची हरकत या कलमात बसत नव्हती. साहेबांची चूक नव्हती. तशी रकानाच फॉर्मात नव्हता. चाचांचे म्हणणे एका कोऱ्या कागदावर टिपून घेतले गेले. मोरी पुढे झाली, पण भराव घातल्यानंतर दोन पावसाळ्यांनी. त्या दोन पावसाळ्यांत खालच्या अंगाचा भात गेला. महामार्गाच्या खर्चात हा भात कुठेही धरलेला नाही.

पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होते, हे खरे. पण प्रत्येक रुंदीकरणाला ती लागू होत नाही. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत करणे बंधनकारक केले. ही चांगली तरतूद आहे. पण सल्ला घेणे आणि सल्ला ऐकणे यांत मराठीतही अंतर आहे आणि कारभारातही.

आता मुंबई-गोवा महामार्ग घेऊ. पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६. चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, इंदापूरच्या पुढचा सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. रस्ता एक, मालक दिल्लीत, काम करणारे हात दोन, आणि कंत्राटदार टप्प्याटप्प्याला वेगळे. २०२४ च्या गणपतीतही हे काम पुरे झालेले नव्हते. कारणे अनेक. कंत्राटदारांच्या अडचणी होत्या, कर्नाळ्यासारख्या ठिकाणी वनजमिनीची परवानगी होती, भूसंपादन होते. परशुराम घाटात मोबदला देवस्थानाचा, खोताचा की कुळाचा, हा वाद बराच काळ चालला. कोकणातली जमीन म्हणजे एका सातबाऱ्यावर चाळीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत. हे दिल्लीतल्या अहवालात दिसत नाही, तलाठ्याला मात्र तोंडपाठ असते. तलाठ्याला, सरपंचाला आणि कुळाला आखणीच्या आधी एकत्र बसवले असते, तर यातली काही वर्षे तरी वाचली असती.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि त्यातली माणसे पाण्यात गेली. महामार्ग राष्ट्रीय, देखभाल राज्याच्या खात्याकडे, आणि गेलेली माणसे कोकणातली. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, जून २०१७ मध्ये खुला झाला. मनावर घेतले तर कामाला वर्ष लागत नाही, हे त्यातून दिसले. जबाबदारी विभागली गेली की ती कुणाच्याच मनावर राहत नाही, हेही दिसले.

राज्याला बोलायला जागा मिळाली की काय होते, याचा दाखला कोकणातच आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात केंद्राचा वाटा ५१ टक्के होता आणि उरलेला महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा ६, केरळ ६ असा राज्यांचा. राज्यांनी पैसा घातला म्हणून जमीन मिळवून देण्याची निकडही त्यांना वाटली. डोंगर, बोगदे आणि खाड्या पार करून १९९८ मध्ये गाडी धावली. पण इथेही गावाचे म्हणणे मागे राहिलेच. जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडकरांनी दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाकडे बोट दाखवले. म्हणजे राज्याला विचारले की काम लवकर होते. पाणी कुठून जाते हे मात्र गावालाच विचारावे लागते.

राज्य स्वतः मालक असले म्हणजे सगळे सुरळीत होते, असेही नाही. समृद्धी महामार्ग पूर्णपणे राज्याचा, ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा. सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाची योजना होती: शेतकऱ्याने जमीन द्यायची आणि बदल्यात विकसित भूखंडाचा वाटा घ्यायचा. ठाणे, नाशिककडच्या शेतकऱ्यांनी ती नाकारली. सरकारने मग थेट खरेदीचा पर्याय आणला, मोबदला वाढवला, आणि काम मार्गी लागले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. याच्या उलट नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग. ८०२ किलोमीटर आणि बारा जिल्ह्यांची आखणी आधी जाहीर झाली, मग २०२४ मध्ये कोल्हापूरचे शेतकरी रस्त्यावर आले. विधानसभा निवडणुकीच्या आधी तिथली अधिसूचना मागे घेतली गेली, आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला पुन्हा मंजुरी दिली. निवडणूक हीच जर गावाची सुनावणी होणार असेल, तर ती पाच वर्षांतून एकदाच होते.

काही मित्र म्हणतात, ‘‘अहो, प्रत्येकाला विचारत बसलो तर रस्ता होणारच नाही. विकास हवा ना?’’ विकास हवाच. हापूसची पेटी वेळेत वाशीला पोहोचली नाही तर बागायतदाराचे वर्ष जाते. मासळीला तर तासांचा हिशेब असतो. बाळंतिणीला तालुक्याहून जिल्ह्याला न्यायचे तर रस्ताच लागतो. म्हणूनच रस्त्याला चढायचे कुठे आणि उतरायचे कुठे, हे महत्त्वाचे. द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असते. ज्या गावाजवळ चढण्या-उतरण्याची सोय आहे तिथे गोदाम येते, पंप येतो, हॉटेल येते. जिथे ती नाही, त्या गावाला गाड्यांचा फक्त आवाज ऐकू येतो. बायपास कुठे, उड्डाणपूल खांबांवर की भरावावर, शाळेसमोर भुयारी मार्ग आहे की नाही, कबरस्तान आणि स्मशान रस्त्याच्या कुठल्या बाजूला राहते, आठवड्याचा बाजार कुठे भरतो, यावर त्या गावची पुढची पन्नास वर्षे ठरतात. २०२१ पासून पंतप्रधान गतिशक्ती योजनेत उपग्रहाच्या नकाशांवर आखण्या होतात. त्यात जंगल दिसते, रेल्वे दिसते, विजेच्या तारा दिसतात. पऱ्या पावसात कुठे फुटतो ते दिसत नाही. ते चाचांना ठाऊक असते.

यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत रस्ते, मोऱ्या आणि पूल आहेत. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती दिली; तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायचे असतात. गावांच्या आणि शहरांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा करणे हे तिचे घटनेने दिलेले काम. महामार्गाच्या दोन-तीन पर्यायी आखण्या गावनकाशावर, मराठीत, आधी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. ग्रामसभेने काय म्हटले आणि ते मानले की नाही, मानले नसेल तर का, हे जिल्हा नियोजन समितीने लेखी नोंदवावे. ती नोंद घेऊन राज्याने दिल्लीशी बोलावे. ज्याची जमीन जात नाही पण ज्याचे पाणी, वाट किंवा बाजार जातो, त्यालाही हरकतीत जागा द्यावी. आणि जिल्ह्यातून जाणाऱ्या प्रत्येक महामार्गासाठी एकच कार्यालय जबाबदार धरावे, ज्याच्या दाराशी माणसाला जाता येईल.

याला सहा महिने लागतील, फार तर वर्ष. मुंबई-गोवा रस्त्याने कोकणाची याहून कितीतरी अधिक वर्षे खाल्ली आहेत. नकाशावरची रेघ पेन्सिलीची असते तोवर खोडता येते. डांबराची झाली की तिच्याखाली गेलेला पऱ्या दर पावसाळ्यात आपली वाट शोधत राहतो, आणि तो ती कुणाच्या तरी शेतातून शोधतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)