नोटीस आली? आधी विचारा, जमीन कुणासाठी!

स्वारगेटच्या एस.टी. स्टँडवर परवा सासवडकडचे ओळखीचे काका भेटले. अंजीर-सीताफळाचे जुने बागायतदार. नेहमी हातात फळांची करंडी असायची, आज कागदांची पिशवी होती. म्हणाले, "साहेब, भूसंपादनाची नोटीस आलीय. घेणार सरकार, नि घरं बांधून विकणार कंपनी. मग ही जमीन सरकारी कामाला चालली का खाजगी?"

प्रश्न एकट्या काकांचा नाही. शहराच्या कडेच्या कुठल्याही गावात आज ना उद्या तो येणारच. १८९४ च्या जुन्या कायद्यातही कंपनीसाठी जमीन घेण्याची सोय होती, फक्त शेतकऱ्याच्या संमतीला तिथं जागा नव्हती. २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला नि चित्र थोडं बदललं. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर सार्वजनिक हेतू दाखवावा लागतो, शिवाय ज्यांची जमीन जाते अशा किमान ८० टक्के कुटुंबांची आधी संमती लागते. सरकार-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के. मात्र २०१८ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. औद्योगिक क्षेत्र, परवडणारी घरं अशा काही कामांना संमती व सामाजिक परिणामांच्या पाहणीतून सूट देता येते. म्हणून नोटीस कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कलमाची आहे, हे पहिलं वाचावं.

एकीचं बळ

पेण तालुक्यात महामुंबई सेझसाठी, म्हणजे खाजगी कंपनीसाठीच, जमीन घ्यायची होती. शेतकऱ्यांनी विरोध धरून ठेवला. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत प्रशासनाला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. पुढं ते संपादन बारगळलं.

दुसरं उदाहरण जवळचं. स्वारगेटहून सोलापूर रस्त्यानं गेलं की हडपसरला मगरपट्टा लागतो. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा हिस्सा. शहर उभं राहिलं, पण शेतकरी नुसता चेक घेऊन बाजूला झाला नाही.

अमेरिकेत न्यू लंडन शहरानं विकासाच्या नावाखाली लोकांची राहती घरं घेतली. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी शहराची बाजू घेतली. घरं गेली, नि ठरलेला प्रकल्प काही झालाच नाही!

हे करा

शेतकरी बंधूंनो, २०१३ च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली की ६० दिवसांत लेखी हरकत द्या नि तिची पोच घ्या. ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ चा गुणांक लागतो, वर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. हिशेब मागून घ्या. निवाडा मान्य नसेल तर पैसे घेताना 'हरकत राखून' असं लिहा आणि सहा आठवड्यांच्या आत वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करा. संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहा. विहीर, पाइपलाइन, एकूण एक झाड लिहून घेतल्याशिवाय पंचनाम्यावर सही करू नका.

काकांचा सातबारा पाहिला नि पोटात गोळाच आला. वीस वर्षांची अंजिराची बाग, पण कागदावर 'जिरायत बाजरी'! मोबदला कागद बघून ठरतो. बाग किती वर्षं जपली हे तिथं कोण विचारणार? नोंद काय फक्त तलाठ्यानंच करायची असं नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपली आपण पीकनोंद करता येते. तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनीही हंगामात एकदा चावडीवर सातबाऱ्यांचं जाहीर वाचन करावं, एवढी विनंती.

काका आलेल्या पावली परत फिरले. म्हणाले, "पुण्यातली कचेरी मग बघू. आधी गावातला कागद नीट करतो."

नोटीस आली नसेल, तर आपलाही सातबारा आजच काढून बघा.