द्विभाषिक बोलपट : एक संहिता की दोन?

चित्रपटाचा रसिक आणि साहित्याचा अभ्यासक ही आपल्याकडे बहुधा दोन वेगळी माणसे मानली जातात. पहिला आवडीने पाहतो, दुसरा पुराव्याने बोलतो. परंतु भारतीय बोलपटाच्या आरंभीच्या काळात असा एक प्रकार होऊन गेला, की जो या दोघांच्या दृष्टी एकत्र आल्याशिवाय नीट उलगडत नाही. एकाच कथेवर, एकाच चित्रशाळेत, एकाच दिग्दर्शकाने दोन भाषांत तयार केलेला द्विभाषिक बोलपट हा तो प्रकार होय. सूच्यांमध्ये त्याची नोंद पुष्कळदा एकच असते; एका भाषेतील नाव पुढे आणि दुसरे कंसात. या कंसामुळे दुसरा चित्रपट पहिल्याचे केवळ भाषांतर ठरतो. ही समजूत कितपत टिकते, हे प्रामुख्याने प्रभात फिल्म कंपनीच्या काही चित्रपटांच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रकार का निर्माण झाला, ते प्रथम पाहू. मूकपटात भाषा चित्राच्या बाहेर होती. दृश्यांच्या मधून येणाऱ्या पाट्यांवर मजकूर छापलेला असे आणि तो एकापेक्षा अधिक भाषांतही देता येत असे. प्रांत बदलला तर पाट्या बदलता येत; चित्राला हात लावावा लागत नसे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि ही सोय संपली. भाषा आता नटाच्या ओठांवर आली. बोलपटाने प्रेक्षकाला शब्द दिला, पण त्याच क्षणी देशभराचा प्रेक्षक भाषांच्या सीमांनी विभागला गेला. मराठी बोलपटाचा प्रदेश मर्यादित, आणि ध्वनियंत्रणेमुळे खर्च मात्र वाढलेला. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या ‘प्रभात’ने आपला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठीबरोबर हिंदीतही काढला, त्यामागे हे व्यावहारिक कारण होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली, तेव्हा ही प्रथा तिच्या कार्यपद्धतीचा भागच बनली होती.

ही पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. एका भाषेत चित्रित केलेल्या नटाच्या तोंडी नंतर दुसऱ्या भाषेचे ध्वनिमुद्रण बसविण्याचे तंत्र त्या काळी रुळलेले नव्हते. त्यामुळे देखावा उभा राहिला, प्रकाशयोजना ठरली, कॅमेऱ्याची जागा निश्चित झाली, की दृश्य एका भाषेत चित्रित होई आणि त्याच देखाव्यात ते दुसऱ्या भाषेत पुन्हा चित्रित केले जाई. म्हणजे संवाद दोनदा बोलला जाई आणि अभिनयही दोनदा होई. भाषांतर हे मूळ कृतीच्या मागून येते. येथे मात्र दोन्ही कृती एकाच छपराखाली शेजारी शेजारी वाढत. वाक्याची लांबी बदलली की श्वास बदलतो, श्वास बदलला की विराम बदलतो, आणि विराम बदलला की नजर केव्हा उचलावयाची हेही बदलते. नट तोच असला तरी अभिनय तोच राहत नाही.

‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७) ही जोडी या दृष्टीने बोलकी आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर ती आधारलेली आहे. शांता आपटे आणि केशवराव दाते हे दोन्ही आवृत्त्यांत प्रमुख भूमिकांत आहेत. वृद्ध विधुराशी फसवून लावलेले लग्न नीरा मान्य करीत नाही, हे कथेचे बीज. आता तीन शीर्षके एकापुढे एक ठेवून पाहावीत. मूळ कादंबरीचे नाव एका नकाराचा निर्देश करते. हिंदी नावही नकाराचेच आहे; मात्र तेथे नकार देणारे जग आहे. ‘न पटणारी गोष्ट’ या नावाशी अधिक जवळचे नाते मराठी नावाचे नसून हिंदी नावाचे आहे! मराठी चित्रपटाने नकार बाजूला ठेवला आणि एका चिन्हाचे नाव घेतले. मराठी प्रेक्षकाला या चिन्हाचे स्पष्टीकरण लागत नाही. सौभाग्य, सक्ती, लेणे आणि बंधन हे सारे त्या एका शब्दात त्याला ऐकू येते. हिंदी प्रदेशात सौभाग्याची चिन्हे आणि त्यांचे शब्द वेगळे आहेत. तेव्हा एकाच कथेने मराठीत वस्तूच्या आणि हिंदीत समाजाच्या बाजूने तोंड उघडले, असे म्हणावे लागेल. शिवाय या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केलेले आहे. ऐकू येतो तो माणसांचा शब्द आणि घरातले, रस्त्यावरचे आवाज. अशा कृतीत भाषा बदलणे म्हणजे तिचा सारा श्राव्य पोत बदलणे होय.

दुसरे उदाहरण ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१) यांचे. कथा विश्राम बेडेकर यांची. हिंदी संवाद कथालेखक सुदर्शन यांचे. एका गावातील हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांची मैत्री धरणाच्या निमित्ताने कशी तुटते आणि धरण फुटताना कशी पुन्हा जुळते, हा विषय. मिर्झाची भूमिका दोन्ही आवृत्त्यांत गजानन जागीरदार यांनी केली. त्याचा हिंदू मित्र मराठीत केशवराव दाते, तर हिंदीत मजहर खान. हिंदी आवृत्तीत म्हणूनच हिंदू नट मुसलमान पात्र रंगवितो आणि मुसलमान नट हिंदू. चित्रपटाचे प्रतिपादन येथे पात्रयोजनेतच उतरले आहे, आणि मराठी आवृत्तीत ही दुहेरी अदलाबदल नाही. पात्राचे नावही पाहावे. मराठीतला ‘पाटील’ हिंदीत ‘ठाकूर’ होतो. पाटीलकी हे गावकारभारातले वतन. ठाकूर ही प्राधान्याने कुळाची आणि जमीनदारीची पदवी. शब्दकोशात हे प्रतिशब्द नव्हेत. येथे शब्दाचे भाषांतर झालेले नाही, गावच बदलले आहे.

‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९) या जोडीत नायक-नायिकांची नावे बदलतात. गणपत आणि मैना यांचे मोती आणि केसर होतात. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी ती पात्रे दोन्हीकडे रंगविली. मराठीचे संवाद अनंत काणेकर यांचे, हिंदीचे मुन्शी अझीज यांचे. मराठी आवृत्तीतील मैना एका गाण्यात अनेक भारतीय भाषांतून गाते, कारण तिच्या दारी येणारे गिऱ्हाईक अनेक प्रांतांचे आहे. ज्या चित्रशाळेला स्वतःला बाजारासाठी दोन भाषा बोलाव्या लागत होत्या, तिने बाजारात बसलेल्या स्त्रीच्या तोंडी अनेक भाषा घातल्या, हा योगायोग अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

यावर एक आक्षेप संभवतो. दिग्दर्शक एक, पटकथा एक, देखावे एक. मग या दोन कृती कशा? आक्षेपात तथ्य आहे. म्हणून असे म्हणणे अधिक न्याय्य होईल की, या जोडीत दृश्यसंहिता बव्हंशी एक आणि वाक्संहिता दोन असतात. दुसरी गोष्ट अशी की, द्विभाषिकता ही कलेची गरज नव्हती. ‘संत तुकाराम’ (१९३६) मराठीतच निघाला, वर्षभराहून अधिक काळ मुंबईत चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही पोहोचला. परंतु कारण व्यापारी असले म्हणून फलित केवळ व्यापारी ठरत नाही.

हा प्रश्न केवळ सूचीकाराचा नाही. कंसातली कृती दुय्यम मानली, की तिची प्रत जपण्याची निकडही कमी वाटू लागते. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा ‘देवदास’ (१९३५) प्रमथेश बरुआ यांनी बंगाली व हिंदी अशा दोन भाषांत दिग्दर्शित केला. बंगालीत देवदास ते स्वतः होते, हिंदीत कुंदनलाल सैगल. हिंदी आवृत्ती आपण पाहू शकतो. शरच्चंद्रांच्या भाषेतील आवृत्तीच्या भारतातील प्रती मात्र नष्ट झाल्या, आणि बांगलादेशाच्या संग्रहालयात उरली ती एक अपूर्ण प्रत. १९५० च्या सुमारापर्यंत वापरली जाणारी नायट्रेट फीत चटकन पेट घेते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, म्हणून कितीतरी वारसा वाचला. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या मूळ फितीही जळाल्या. २०२२ पासून हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे. व्यवस्था बदलली तरी जबाबदारी तीच आहे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला तौलनिक अध्ययनासाठी इतकी सोयीची सामग्री क्वचितच लाभते : काळ एक, कथा एक, पुष्कळदा नटही एक, आणि बदलते ती केवळ भाषा. दोन्ही आवृत्त्यांची स्वतंत्र नोंद व्हावी. दोहोंचे संवाद ऐकून लिहून काढावेत आणि समोरासमोर छापावेत. चित्रपट मंडळांनी शक्य तेथे दोन्ही लागोपाठ दाखवाव्यात. ज्याने ‘कुंकू’ पाहिला त्याने ‘दुनिया न माने’ पाहिलेला नसतो, एवढे मान्य झाले तरी पुढच्या कामाला आरंभ करता येईल.